राधानगरच्या पुळणीला एक सकाळ द्यावी

स्वराज द्वीपावर, म्हणजे २०१८च्या डिसेंबरपर्यंत ज्याला हॅवलॉक म्हणत त्या अंदमानातल्या बेटावर, जाऊन आलेल्या बहुतेक मराठी प्रवाशांनी राधानगरचा किनारा पाहिलेला असतो. पण तो पाहिलेला असतो संध्याकाळी, घाईत आणि गर्दीत. आम्हीही जानेवारीत पहिल्यांदा तसाच पाहिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेलो. या दोन भेटींत इतका फरक होता की त्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले.

आपल्याकडून अंदमानला जाणाऱ्यांची पहिली ओढ सेल्युलर जेलची असते, आणि ती योग्यच आहे. १९११ ते १९२१ या काळात सावरकरांना जिथे कोंडून ठेवले होते त्या कोठडीसमोर उभे राहिल्यावर माझ्या आईला बराच वेळ बोलता आले नव्हते. त्यानंतर सहलीत स्वराज द्वीप येते ते जोडणी म्हणून. श्री विजयपुरम, म्हणजे पूर्वीचे पोर्ट ब्लेअर, येथून खासगी बोटीने साधारण दीड तास आणि सरकारी बोटीने अडीच तास लागतात. धक्क्यापासून राधानगर बाराएक किलोमीटरवर आहे. रस्ता सुपारीच्या बागांमधून, भातखाचरांच्या कडेने जातो, आणि वाटेत गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर अशी गावे लागतात. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांना सरकारने १९५०च्या दशकात इथे वसवले. त्या वैष्णव मनाच्या माणसांनी नव्या गावांना आपल्या देवाची नावे दिली, आणि ‘राधानगर’ हे नाव त्यातलेच. कागदोपत्री हा सात नंबरचा बीच.

आमच्या सहल कंपनीने पहिल्या दिवशी आम्हाला तिथे पोहोचवले तेव्हा पावणेपाच वाजले होते. कार्यक्रमपत्रिकेत ‘सूर्यास्त दर्शन’ असे मोठ्या अक्षरांत छापले होते, परंतु अंदमानात घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचे असले तरी बेटे इतकी पूर्वेला आहेत की तिथला सूर्य हिवाळ्यात मुंबईपेक्षा साधारण तासभर आधी मावळतो, ही साधी गोष्ट ठरवणाऱ्याने विचारात घेतलेली नव्हती. गाडीतून उतरणे, स्वच्छतागृहासमोरची रांग, आईच्या गुडघ्यांना झेपेल अशा चालीने वाळूपर्यंत जाणे, एवढे होईपर्यंत सूर्य पाण्याला टेकला. सूर्यास्त सुंदर होता, यात शंका नाही. किनारा पश्चिमाभिमुख असल्यामुळे तो थेट समुद्रात उतरताना दिसतो. पण समोर फोटो काढणाऱ्यांची भिंत होती, आणि अंधारू लागताच सुरक्षारक्षकांच्या शिट्ट्या सुरू झाल्या. सहा हजार रुपये जास्त भरून घेतलेल्या मुक्कामात मुख्य ठिकाणी आम्हाला मिळाली जेमतेम पाऊण तासाची भेट. याचे मला मनापासून वाईट वाटले.

म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही समूहाबरोबर स्नॉर्केलिंगला न जाता रिक्षा केली आणि सातच्या आत किनाऱ्यावर पोहोचलो. दोन किलोमीटरच्या त्या पुळणीवर तेव्हा माणसे असतील फार तर दहा-बारा.

टाइम या साप्ताहिकाने २००४ साली या किनाऱ्याला आशियातला सर्वोत्तम ठरवले होते, आणि तेव्हापासून प्रत्येक जाहिरातीत तो उल्लेख असतो. तो सार्थ का आहे, हे सकाळी कळते. आपल्या कोकणातली वाळू सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचा अंश घेऊन येते, त्यामुळे ती करडी असते. इथली वाळू मुख्यतः प्रवाळांचा आणि शिंपल्यांचा चुरा आहे. तिच्यावर उथळ, स्वच्छ पाणी आले की तळाचा पांढरेपणा त्यातून वर येतो आणि पाणी आधी फिकट हिरवे, मग पुढे निळे दिसते. पण माझ्या मते राधानगरचे खरे वैभव पाठीमागे आहे. वाळू संपते तिथेच जंगल उभे राहते. समुद्री महुआ म्हणतात त्या वृक्षांचे सरळसोट बुंधे इतके उंच जातात की मान मागे टाकावी लागते. किनाऱ्याला लागून ना हॉटेलांची रांग आहे, ना गाणी वाजवणारी खोपटी. हे असेच राहिले पाहिजे.

आई महुआच्या मुळावर बसली होती. तिने मला हाक मारून पायाजवळचे काहीतरी दाखवले. ओहोटीने नुकत्याच मोकळ्या केलेल्या ओल्या वाळूवर मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी पसरलेली होती, आणि प्रत्येक नक्षीच्या मध्यभागी एक बीळ. नखाएवढा खेकडा बाहेर येई, वाळू तोंडाशी नेई, त्यातले खाण्याजोगे तेवढे घेऊन उरलेल्या वाळूची गोळी मागे टाकी आणि एक पाऊल पुढे सरके. गुहागरला वाढलेल्या आईने असे खेकडे लहानपणी पाहिले होते. ती अर्धा तास जागची हलली नाही.

सोयींविषयी सांगायचे तर किनाऱ्याला २०२० साली ब्लू फ्लॅग हे स्वच्छ आणि सुरक्षित किनाऱ्यांना दिले जाणारे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले आणि त्याची शिस्त दिसते. कपडे बदलण्याच्या खोल्या, शॉवर, कचऱ्याचे वेगळे डबे, टेहळणी मनोरे आणि जीवरक्षक आहेत. सकाळी सगळे स्वच्छ होते. संध्याकाळी मात्र शॉवरला धार नव्हती आणि खोल्यांत चिखल झाला होता. तळ सगळीकडे वाळूचा असल्याने पायाला खडक लागत नाही, त्यामुळे वयस्कर माणसेही कमरेएवढ्या पाण्यात निर्धास्त उभी राहू शकतात. पावसाळ्यात मात्र याच किनाऱ्यावर लाटा दांडग्या असतात. समुद्राकडे तोंड केल्यावर उजव्या टोकाला नील्स कोव्ह नावाची शांत खाडी आहे. २०१० साली तिथे स्नॉर्केलिंग करणाऱ्या एका परदेशी महिलेचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता, म्हणून तिथे पाण्यात उतरू देत नाहीत. पाणी कितीही मोहक दिसले तरी त्या सूचनेशी हुज्जत घालू नये. पहाटे आणि तिन्हीसांजेला वाळूतल्या बारीक माश्या चावतात. अंगाला खोबरेल लावून गेल्यास त्रास कमी होतो, असे रिक्षावाल्या दादांनी सांगितले आणि आम्हाला त्याचा उपयोग झाला. शंख-शिंपले आणि प्रवाळ उचलून आणू नयेत. प्रवाळ नेणे कायद्याने गुन्हा आहे आणि विमानतळावर सामान तपासतात.

फाटकाबाहेरच्या खाणावळीत आम्ही मासळीचे जेवण घेतले. मासा ताजा होता, पण रस्सा मोहरीच्या तेलातला, बंगाली वळणाचा. ओल्या नारळाच्या वाटणाची सवय असलेल्या जिभेला तो पहिल्या घासाला परका वाटतो, तिसऱ्या घासाला आवडतो. शहाळी मात्र अगदी घरच्यासारखी.

अकरानंतर गाड्या येऊ लागल्या. परतीची बोट दुपारची होती, म्हणून आम्ही निघालो. शक्य असल्यास स्वराज द्वीपावर दोन रात्री राहावे, सहल कंपनीशी पैसे भरण्यापूर्वीच राधानगरची वेळ लेखी ठरवून घ्यावी, आणि संध्याकाळचीच फेरी मिळत असेल तर किमान साडेतीनला किनाऱ्यावर पोहोचण्याचा आग्रह धरावा.