जुना ट्रायटन घ्यावा, नवा कीबोर्ड घ्यावा, की लॅपटॉपवरच भागवावे?

सोलापुरात लग्नसराई ओसरली, की ट्रायटनसारखा एखाद-दुसरा जुना वर्कस्टेशन कीबोर्ड विक्रीला निघतो. कोणी ऑर्केस्ट्रा बंद केलेला असतो, कोणाचा मुलगा शिक्षणासाठी पुण्याला गेलेला असतो आणि कीबोर्ड माळ्यावर पडून असतो. अशा वेळी घेणाऱ्यापुढे तीन वाटा असतात: तो जुना कीबोर्ड घ्यावा, त्याच पैशांत थोडी भर घालून भारतीय आवाजांचा नवा कीबोर्ड घ्यावा, किंवा घरात असलेल्या लॅपटॉपला एक मिडी कीबोर्ड (कोणती पट्टी दाबली एवढाच संकेत संगणकाला पाठवणारा) जोडून काम भागवावे. बहुतेक जण दोन-चार टोन वाजवून पाहतात आणि कानाला जे गोड लागेल ते उचलतात. माझे मत वेगळे आहे. जुने वर्कस्टेशन आवाजासाठी घेऊ नये. त्यातला सिक्वेन्सर (वाजवलेले नोंदवून पुन्हा वाजवणारा भाग) आणि त्याची बटणे रोज वापरणार असाल, तरच घ्यावे.

हे असे का, ते थोडे सविस्तर सांगावे लागेल. वर्कस्टेशन म्हणजे आवाज, इफेक्ट, अनेक ट्रॅकचे ध्वनिमुद्रण आणि साठवणूक हे सारे एकाच पेटीत असलेले वाद्य. कॉर्गच्या एम-वनने १९८८ साली ही कल्पना घरोघरी नेली. त्यात एका वेळी १६ आवाज वाजत, सिक्वेन्सरला ८ ट्रॅक होते आणि सगळ्या मूळ आवाजांना मिळून अवघी ४ एमबी जागा होती. रोलँडचा एक्सपी-८० हा १९९६ चा, कॉर्गचा ट्रायटन १९९९ चा, तर यामाहाचा मोटिफ ईएस २००३ चा. जुन्या बाजारात फिरताना साधारणपणे याच पिढीतली नावे कानावर पडतात. मात्र एम-वन आणि ट्रायटन या दोन्हींचे आवाज कॉर्ग कंपनी आज सॉफ्टवेअरच्या रूपात स्वतःच विकते. तेव्हा केवळ ‘ट्रायटनचा तो पियानो’ हवा असेल, तर जड पेटी, तिचे स्टँड आणि तिची दुरुस्ती यांचा भार घेण्याचे काही कारण उरत नाही. तो पियानो लॅपटॉपमध्ये मिळतो.

नव्या कीबोर्डची बाजू आधी मांडतो, कारण ती सोपी आहे. यामाहाचा पीएसआर-आय ५०० हा ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड भारतीय बाजारासाठीच काढलेला आहे. त्यात तबला-ढोलकीचे ठेके आणि रियाजासाठी तानपुरा-तबल्याची सोय तयार मिळते, स्पीकरही अंगचेच असतात. रोलँडचा एक्सपीएस-१० यात स्पीकर नाही, पण भारतीय टोन आहेत आणि बाहेरचे ध्वनिनमुने भरता येतात. भजनी मंडळात साथ करायची असेल, शिकवणीचा वर्ग चालवायचा असेल, किंवा घरातील मुलीने नुकतेच वाजवायला सुरुवात केली असेल, तर या वर्गातील कीबोर्ड घ्यावा आणि पुढचे वाचण्याचे कष्ट घेऊ नयेत. वॉरंटी असते, सुटे भाग मिळतात आणि चालू केल्यावर अर्ध्या मिनिटात केरवा सुरू होतो.

अडचण येते ती तयार ठेका पुरेनासा झाल्यावर. गायकाला अंतऱ्यात ठेका जरा मोकळा हवा असतो, तिहाईनंतर अर्धी मात्रा थांबायचे असते, रूपकाच्या सात मात्रांत ‘खाली’ (टाळीऐवजी हात मोकळा दाखवायची मात्रा) अधिक स्पष्ट हवी असते. तयार स्टाइलला हे समजावून सांगता येत नाही. इथे जुना ट्रायटन आपले वय विसरायला लावतो. त्याच्या सिक्वेन्सरमध्ये आपण स्वतः वाजवून लहान-लहान पॅटर्न तयार करू शकतो आणि आरपीपीआर नावाच्या सोयीने प्रत्येक पॅटर्न एकेका पट्टीवर बसवू शकतो. मी खालच्या सप्तकात एका पट्टीवर साधा दादरा, शेजारच्या पट्टीवर त्याचीच लग्गी, त्यापुढे केरवा, भजनी ठेका आणि शेवटच्या पट्टीवर फक्त तिहाई अशी मांडणी केली आहे. डाव्या हाताचे एक बोट ठेका बदलते आणि उजवा हात गाण्याच्या मागे मोकळा राहतो. ही मांडणी लावायला मला तीन रविवार लागले, पण त्यानंतर कित्येक वर्षे तिला हात लावावा लागलेला नाही.

तबल्याचे बोलही मी त्यात स्वतः भरले. ट्रायटन ४८ किलोहर्ट्झवर सॅम्पल, म्हणजे बाहेरच्या आवाजाचा नमुना, घेतो. एका सेकंदाच्या मोनो ध्वनीला ९६,००० बाइट लागतात, त्यामुळे मूळच्या १६ एमबी स्मृतीत सुमारे २ मिनिटे ५४ सेकंद मावतात. ऐकायला हे फार तुटपुंजे वाटते, पण धा, ना, तीं, गे, के असे बारा बोल प्रत्येकी दोन सेकंदांचे धरले तरी अडीच एमबीच्या आत काम होते. आमच्या शेजारच्या तबलावादकांनी दुपारी खिडक्या बंद करून, पंखाही बंद ठेवून, घाम पुसत ते बारा बोल वाजवून दिले. मे महिना होता. सोलापुरात मे महिन्यात पंखा बंद ठेवायला लावणे ही मैत्रीची कसोटीच म्हणायची.

जुन्या यंत्राचा आणखी एक गुण फारसे कोणी सांगत नाही. ट्रायटनमध्ये प्रत्येक स्वराचे ट्यूनिंग सेंटमध्ये (एक सेंट म्हणजे दोन लगतच्या पट्ट्यांमधील अंतराचा शंभरावा भाग) वर-खाली करून स्वतःचे स्केल साठवता येते. समान अंतराच्या पाश्चात्त्य सप्तकात शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा लागतो, धैवत १६ सेंट आणि निषाद १२ सेंट चढा लागतो. तानपुऱ्यासोबत लांब स्वर धरताना हा फरक टोचतो. हे तीन आकडे उणे करून ठेवले आणि षड्ज कोणता ते यंत्राला सांगितले, की गायिका पांढरी चारमध्ये गायली काय किंवा काळी एकमध्ये गायली काय, स्ट्रिंग्जचा गंधार तिच्या गळ्याला जाऊन मिळतो. अर्थात हार्मोनियमही सोबत असेल, तर हे करू नये. दोन गंधार एकमेकांशी भांडतात.

आता दुसरी बाजू. ट्रायटनमध्ये एका वेळी ६२ आवाज वाजतात आणि हा आकडा कागदावर दिसतो तितका मोठा नाही. दोन ऑसिलेटरचा (मूळ आवाज निर्माण करणाऱ्या भागांचा) एक टोन प्रत्येक पट्टीला दोन आवाज खातो. असे चार टोन एकावर एक रचून भरगच्च कॉम्बी केली, की एका पट्टीला आठ आवाज लागतात आणि सातव्या पट्टीपर्यंत कोटा संपतो. मग सस्टेन पेडल दाबून ठेवले असताना आधीचे स्वर मध्येच तुटतात आणि वाजवणाऱ्याला वाटते यंत्र बिघडले. यावर उपाय म्हणजे टोन कमी रचावेत, किंवा १२८ आवाजांचा मोटिफ ईएस पाहावा.

सर्वांत मोठा धोका साठवणुकीचा आहे. ट्रायटनच्या सिक्वेन्सरमधील गाणी आणि भरलेली सॅम्पल वीज बंद होताच पुसली जातात. आपण ती फ्लॉपीवर उतरवली असतील तरच वाचतात. आषाढीच्या आधी मी तीन अभंगांची साथ बांधत बसलो होतो. तिसऱ्याचा शेवटचा अंतरा झाला आणि ‘आता एकदम सेव्ह करू’ असे म्हणत चहाचा कप उचलला, तोच लाईट गेली. क्षणभरच गेली आणि लगेच आली, पण पडद्यावर रिकामे गाणे होते. त्या दिवसापासून संगणकाला लावतात तसला साधा यूपीएस कीबोर्डच्या पायाशी आहे. जुने वर्कस्टेशन घेण्याच्या खर्चात यूपीएस पहिल्या दिवसापासून धरावा.

फ्लॉपीचेही तसेच. १.४४ एमबीची फ्लॉपी म्हणजे बारा बोलांचा तबला एका फ्लॉपीवर मावत नाही, दोन लागतात. चांगल्या फ्लॉप्या आता मिळणे दुरापास्त झाले आहे आणि जुन्या ड्राइव्हचा भरवसा नाही. यावर फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी एम्युलेटर बसवणे हा मार्ग रुळला आहे. त्यात पेनड्राइव्ह खोचला, की त्यावरील प्रत्येक कप्पा कीबोर्डला एक फ्लॉपी म्हणून दिसतो. गती मात्र फ्लॉपीचीच राहते आणि प्रत्येक कप्प्याची मर्यादाही १.४४ एमबीच असते, हे आधी समजून घ्यावे. मोटिफ ईएसला ही कटकट नाही, कारण त्याला यूएसबीची जागा आहे. पण वीज गेल्यावर गाणी पुसली जाण्याची गोष्ट तिथेही लागू आहे.

एक्सपी-८० बद्दल थोडक्यात सांगतो. त्याचे स्ट्रिंग्ज आणि पॅड आजही ऐकावेसे वाटतात, त्यात आवाजांची चार जादा कार्डे बसतात आणि एखाद्याकडे ती कार्डे आधीच बसवलेली मिळाली, तर सौदा चांगला ठरतो. परंतु त्या काळातील रोलँडच्या अनेक कीबोर्डमध्ये पट्ट्यांखालची वजने चिकटवलेला लाल गोंद वर्षांनुवर्षांनी वितळून ओघळतो आणि पट्ट्या अडकू लागतात. आमच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा पत्र्याच्या खोलीत ठेवलेला नग तर घेऊच नये. एम-वन मात्र संग्राहकाने घ्यावा. रोजच्या कामाला १६ आवाज पुरत नाहीत.

लॅपटॉपच्या वाटेचा मोठा फायदा असा, की लाईट गेली तरी बॅटरी आहे आणि केलेले काम डिस्कवर राहते. ट्रॅकची मोजणी नाही, आवाजांची मोजणी नाही. ज्याला घरी बसून गाणी बांधायची आहेत आणि मंचावर फारसे जायचे नाही, त्याने निःशंकपणे हीच वाट धरावी. मंचावर मात्र माझा जीव धास्तावतो. लॅपटॉपचा आवाज बाहेर काढणाऱ्या ऑडिओ इंटरफेसवर २५६ नमुन्यांचा बफर (आवाजाचा तात्पुरता साठा) ठेवला, तर ४४.१ किलोहर्ट्झवर सुमारे ६ मिलिसेकंदांचा उशीर तिथेच होतो. पुढे उरलेल्या साखळीचा वेगळा. तो चालून जातो, पण बफर कमी केला तर तापलेला लॅपटॉप कडकड आवाज काढू लागतो आणि गणेशोत्सवातल्या मांडवात त्याच वेळी नेमके अपडेट सुरू होण्याचा अनुभव ज्याने घेतला आहे, तो पुढच्या वर्षी कीबोर्ड घेऊन येतो. जुन्या वर्कस्टेशनला अपडेट येत नाही, हे त्याचे भाग्य.

खरे तर या दोन वाटा एकत्र येऊ शकतात. साध्या यूएसबी-मिडी केबलने ट्रायटन लॅपटॉपला जोडता येतो. मिडीची गती सेकंदाला ३१,२५० बिटांची, म्हणजे एक स्वर पोचायला जेमतेम एक मिलिसेकंद. वाजवणाऱ्याला ते जाणवत नाही. ठेके पेटीत ठेवावेत, लांबलचक रचना लॅपटॉपवर बांधावी आणि कीबोर्डमधील टोनच्या मांडणीची एक प्रत सिस्टिम एक्सक्लुझिव्ह डंपने (मिडी केबलवरून यंत्राची मांडणी पाठवण्याच्या सोयीने) लॅपटॉपवर उतरवून ठेवावी. पुढे कधी अंतर्गत स्मृती गेली, तरी टोनची ती मांडणी परत मिळते.

तेव्हा आठवड्याला दोन कार्यक्रम करणाऱ्या आणि कीबोर्डसाठी वेगळा वेळ न काढू शकणाऱ्या वादकाने नवा कीबोर्ड घ्यावा. ज्याच्याकडे सवड आहे, मॅन्युअल वाचायचा कंटाळा नाही आणि स्वतःचा ठेका स्वतः घडवायचा आहे, त्याने ट्रायटन किंवा मोटिफ ईएस घ्यावा, आणि दोन्ही सुस्थितीत मिळत असतील तर पडद्याला हात लावून काम करायला आवडणाऱ्याने ट्रायटन, आणि भरगच्च आवाज एकावर एक रचणाऱ्याने मोटिफ निवडावा.

पाहायला जाताना घाई करू नये. नग पुण्याला असेल तर सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने जावे, म्हणजे तो दिवसाउजेडी पाहता येतो. एकेक पट्टी अगदी हळू आणि मग जोरात वाजवावी. प्रत्येक पट्टीखाली दोन संपर्क असतात आणि त्यांच्यामधल्या वेळावरून यंत्र जोर ओळखते. एकावर धूळ बसली, की पट्टी एक तर मुकी राहते, नाही तर हळू दाबली तरी ओरडते. आमच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या शेजारी राहणाऱ्यांच्या कीबोर्डमध्ये मी कापसाची तूस पट्ट्यांखाली अक्षरशः गादीसारखी बसलेली पाहिली आहे. ही तूस साफ करता येते, तेवढ्यासाठी नग नाकारू नये, पण किमतीत ती बोलून दाखवावी. घरी आणल्यावर वर सोलापुरी चादर टाकायला हरकत नाही. टॉवेल मात्र टाकू नये, तो स्वतःच तूस सोडतो.

पडद्याचा उजेड मंदावला आहे का, टच नेमक्या जागी लागतो का, हेडफोन लावून आवाज दोन्ही कानांत येतो का, हे पाहावे. सोबत एक कोरी फ्लॉपी न्यावी आणि विक्रेत्यासमोर एक ओळ वाजवून, साठवून, यंत्र बंद करून पुन्हा उघडून पाहावी. आणि प्लग खोचण्याआधी पाठीमागच्या पाटीवर लिहिलेले व्होल्टेज वाचावे. जपानहून आलेला नग १०० व्होल्टचा आणि अमेरिकेतला १२० व्होल्टचा असू शकतो. आपल्याकडे भिंतीत २३० व्होल्ट आहेत. असा नग स्वस्तात मिळत असेल तर सोबत योग्य क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर मागून घ्यावा, आणि मांडवात कोणी मदतीच्या भरात कीबोर्ड थेट बोर्डात खोचू नये म्हणून कीबोर्डच्या पिनवर लाल चिकटपट्टी गुंडाळून ठेवावी.