छोट्या शिडाच्या होडीला ऑटोमॅटिक बिल्ज पंप: आतलाच स्विच, वेगळा स्विच की डायफ्राम?

तुमची होडी रविवारी ट्रॉलीवरून पाण्यात जाऊन संध्याकाळी परत ट्रॉलीवर येत असेल, तर ऑटोमॅटिक बिल्ज पंपाच्या, म्हणजे होडीच्या तळाशी (बिल्जमध्ये) साचलेलं पाणी आपोआप उपसणाऱ्या पंपाच्या, फंदात पडू नका. बादली, स्पंज आणि एक हातपंप पुरे. पुढचं सगळं आहे ते मुंबई बंदरात ऑक्टोबर ते मे बॉयाला, म्हणजे नांगरलेल्या तरंगत्या पिंपाला, बांधलेल्या, आठवडाभर कुणी फिरकत नाही अशा वीस-पंचवीस फुटी होड्यांसाठी.

अशा होडीत पाणी येतं कुठून? इंजिनाचा दांडा (शाफ्ट) तळातून बाहेर जातो तिथल्या ग्लँडमधून मिनिटाला दहा थेंब पडले तरी दिवसाकाठी जेमतेम पाऊण लिटर होतं. खरा घात करतो तो मे महिन्यातला वळीव. कॉकपिटच्या, म्हणजे बसायच्या उघड्या खळग्याच्या, निचऱ्याच्या भोकात कावळ्याने आणून टाकलेलं काहीबाही अडकलेलं असतं, आणि अडीच चौरस मीटरच्या कॉकपिटवर ४० मिलिमीटर पाऊस पडला की १०० लिटर पाणी आत उतरायला वाट शोधू लागतं. तेवढं पाणी बाजारातला कुठलाही पंप उपसेल. पण जलरेषेखाली ३० सेंटिमीटरवर २५ मिलिमीटरचं भोक पडलं, तर मिनिटाला चाळीसेक लिटर आत येतं. ५०० जीपीएचचा, म्हणजे तासाला ५०० अमेरिकन गॅलनचा, पंप कागदावर मिनिटाला ३१ लिटर काढतो. कागदावर म्हणजे पाणी वर न उचलता. मीटरभर चढ आणि नळीची दोन वळणं आली की आकडा चांगलाच घसरतो. ११०० चा पंप कागदावर ६९ लिटरचा आहे, पण त्याला जाड नळी लागते आणि त्या नळीची वेगळी कटकट आहे. ती पुढे येईलच.

पंपापेक्षा जास्त विचार पाणी चढलं की पंप चालू करणाऱ्या स्विचचा करा. पंप क्वचित दगा देतो, स्विच नेहमी.

स्विच पोटातच असलेला पंप बसवायला सगळ्यात सोपा. अरुंद बिल्जमध्ये दोन वस्तू मावत नाहीत, तिथे तोच मावतो. त्यातले काही पंप दर अडीच मिनिटांनी सेकंदभर फिरून पाणी आहे का ते चाचपतात. दोन अँपिअरने हिशोब केला तर दिवसाला ०.३ अँपिअर-अवर, महिन्याला दहाच्या आसपास. दहा वॅटचं सोलर पॅनल असेल तर किरकोळ, नसेल तर जाणवेल. रात्री होडीवर झोपलात तर ती घर्रघर्र उशाशीच. आतला स्विच गेला की मात्र अख्खा पंप बदलायचा.

साधा पंप आणि शेजारी वेगळा फ्लोट, म्हणजे पाण्यावर उचलला गेला की पंप लावणारा तरंगता स्विच, ही जुनी, स्वस्त आणि समजायला सोपी जोडी. फ्लोट बोटाने उचलून पाहता येतो, बिघडला तर तेवढाच बदलता येतो. पण त्याला कचऱ्याचं वावडं. माझा एकदा बिस्किटाच्या पुड्याच्या कागदाने वरच अडकला. पंप कोरडाच फिरत राहिला. दोन अँपिअर धरले तरी ६० अँपिअर-अवरची बॅटरी दीड दिवसात आडवी. रविवारी गेलो तर पंप मुका, केबिनचा दिवाही मुका, आणि बिल्जमध्ये पाण्याचा थेंब नाही. आता फ्लोटवर जाळीचा पिंजरा आहे. इलेक्ट्रॉनिक स्विचला हलणारा भागच नसतो, त्यामुळे असं काही होत नाही. तो थोडं थांबून मग पंप लावतो, म्हणून लाटेच्या हिंदकळण्यानेही उगाच चालू होत नाही. मात्र इंजिनखालचं तेल आणि चिखल त्याच्यावर साचला की तो फसतो. अधूनमधून फडक्याने पुसावा लागतो.

डायफ्राम पंप, म्हणजे रबरी पडदा हलवून पाणी ओढणारा, महाग, आवाज करणारा आणि बहाव कमी, मिनिटाला पंधराएक लिटर. तरीही खोल, चिंचोळ्या कीलच्या (तळाच्या कण्याच्या) होडीला मी तोच सुचवेन. पंप वर लॉकरमध्ये कोरड्या जागी बसतो, खाली जाते ती फक्त नळी आणि गाळणी. थोडा वेळ कोरडा फिरला तरी काही होत नाही. झडपा आतच असल्याने वर चढलेलं पाणी परत खाली येत नाही. त्या झडपेत वाळूचा कण अडकला की ओढच थांबते, म्हणून वाटेत एक गाळणी हवीच. स्विच इथेही वेगळाच घ्यावा लागतो.

आता नळीची कटकट. साध्या पंपाची २८ मिलिमीटरची तीन मीटर नळी भरलेली असताना पंप थांबला की जवळपास १.८५ लिटर पाणी परत बिल्जमध्ये येतं. अरुंद तळात तेवढ्याने फ्लोट पुन्हा उचलतो, पंप पुन्हा सुरू होतो, आणि हा खेळ बॅटरी संपेपर्यंत चालतो. १९ मिलिमीटरच्या नळीत हेच पाणी ८५० मिलिलिटर. म्हणून ५०० चा पंप आणि बारीक नळी पुष्कळदा ११०० पेक्षा शहाणपणाची. वाटेत एकदिशा झडप बसवायचा मोह होईल, ती अडकली की पंप असून नसल्यासारखा. नळी आतून गुळगुळीत घ्या, रिंगवाली नको, आणि कुठेही झोळ न पडता चढती ठेवा. बाहेरचं भोक होडी कलल्यावरही पाण्याच्या वर राहील असं बघा. तशी जागा नसेल तर नळीला उंच कमान आणि तिच्या माथ्यावर हवेची झडप द्या, नाहीतर समुद्रच उलटा आत येईल.

वायर थेट बॅटरीवरून, मेन स्विचला वळसा घालून घ्या. घरी जाताना मेन बंद करणारच, तेव्हाही पंप जागा राहिला पाहिजे. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, त्याचा आकडा पंपावर छापलेलाच. कल्हई केलेली तांब्याची वायर, जोड बिल्जच्या पाण्यापासून वर. ऑटो, बंद, हाताने असा तीन खटक्यांचा स्विच कॉकपिटमधून हाताला लागेल असा.

बसवून झाल्यावर दोन बादल्या पाणी ओता. पंप थांबला की लगेच उठू नका, पाच मिनिटं तिथेच बसा. आपोआप पुन्हा सुरू झाला तर स्विच बोटभर वर सरकवा. व्हीच्या आकाराच्या तळात वर जागा रुंद होते, तेवढंच परतीचं पाणी तिथे फ्लोटला उचलायला पुरत नाही.