जुन्या कॉफी ग्राइंडरचं ‘मूळ’ विकणाऱ्यापासून सावध राहा

३४,८०० रुपये गेले. हातानं फिरवायचा लाकडी कॉफी ग्राइंडर १८,५००, त्याचं मूळ शोधून दिल्याचं प्रमाणपत्र ६,५०० आणि लिस्बनच्या गिऱ्हाइकाकडे तो पाठवण्याचा खर्च ९,८००. विकणारा, प्रमाणपत्र देणारा जाणकार आणि लिस्बनचं गिऱ्हाईक, तिघांची साखळी एकच. एक वस्तू गळ्यात मारतो, दुसरा ती खरी म्हणतो आणि तिसऱ्याचं, परदेशी गिऱ्हाइकाचं, नाव पुढे करून पाठवणीचे पैसे उकळतात.

वस्तू फ्रान्सच्या प्यूजो कंपनीची, १८८० च्या सुमाराची, कुणा पोर्तुगीज अधिकाऱ्यानं आणलेली, गोव्यातल्या सासष्टीच्या जुन्या घरातून निघालेली, असं विकणाऱ्याचं म्हणणं. प्यूजोनं १८४० पासून कॉफीचे ग्राइंडर बनवले हे खरंच आहे, मी पडताळूनही पाहिलं होतं. निम्मी माहिती खरी निघाली की उरलेल्या निम्म्यावर विश्वास बसतोच. मी लोभानं गेले नव्हते. आजीची तांब्यापितळेची भांडी जपणारी बाई मी. ही वस्तू कुठून, कुणाच्या हातून आली एवढंच मला हवं होतं. नेमकं तेच त्यानं हेरलं.

तो क्षण आठवला की अजून तळपायाची आग मस्तकात जाते. ग्राइंडर उलटा केला तर तळाच्या फळीला चार स्टार स्क्रू. हेन्री फिलिप्सच्या नावाचा हा स्क्रू अमेरिकेत १९३० च्या दशकात आला. १८८० च्या वस्तूत तो कुठून असणार? मी विचारलंही. “बाय, मागाहून कुणी दुरुस्ती केली असणार.” जुन्या घरांत बिजागऱ्या बदलतात, खिळे बदलतात, त्यामुळे हे कुणालाही पटलं असतं. पण दुरुस्ती असती तर आधीच्या स्क्रूंची भोकं कुठेतरी दिसली असती. एकही नव्हतं! असा ग्राइंडर घेताना त्याचा पूड पडायचा खणही पुरता बाहेर ओढून बघा. आत, जिथे हात पोचत नाही की उजेड लागत नाही, त्या फळीलाही बाहेरच्यासारखाच तपकिरी रंग असेल तर जुनेपणा वरून फासलाय असं समजा आणि वस्तू तिथेच ठेवून निघा.

लिस्बनच्या गोष्टीत तर कायदाच आडवा येतो. शंभर वर्षांपूर्वीचा पुरावशेष, म्हणजे ऐतिहासिक मोलाची जुनी वस्तू, १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही आणि अशा वस्तूंच्या धंद्याला परवाना लागतो. म्हणजे त्याचं प्रमाणपत्र खरं मानलं तर माल पाठवणंच बेकायदा. आधी परवाना मागा.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, “वस्तू मिळाली ना तुम्हाला?” मग म्हणे हा दिवाणी मामला. सायबरवाले म्हणाले, सौदा समोरासमोर झाला, आमच्याकडे येत नाही. अहो, ९,८०० मोबाइलवरूनच गेले ना! बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. प्रत्येक टेबलावर त्याच झेरॉक्स, आणि अर्जाची पोच मागितली की कपाळाला आठ्या. एका साहेबांनी तर सगळ्यांदेखत विचारलं, “जुन्या डब्याला एवढे पैसे कोण देतं?” फसवणूक हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली गुन्हा आहे. मला लाजवायला त्यांना वेळ होता, त्या माणसाचा नंबर लावून बघायला नव्हता. पोच हातात पडल्याशिवाय उठू नका. ऑनलाइन पैसे गेले असतील तर कुणाला विचारत न बसता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करा.

माझ्या प्रमाणपत्रावर गोल जांभळा शिक्का आहे, सहीखाली नाव नाही. गोव्यात आणखी कुणाला असा कागद मिळाला असेल तर लाजेपायी फाडू नका. पैसे दिल्याच्या नोंदीसकट जपून ठेवा आणि तक्रार द्या. चार अर्ज एकदम गेले तर ‘दिवाणी’ म्हणून परत पाठवणं त्यांना जड जाईल. मी माझा अर्ज घेऊन पुन्हा जाणार आहे, या वेळी वरच्या अधिकाऱ्यांकडे.