कोहात एकगठ्ठा बदल : आठ महिने वापरून झाल्यावर

आमचं तालुक्याच्या गावातलं ब वर्ग वाचनालय, पुस्तकं साधारण ३१ हजार. आधी एक जुनं सॉफ्टवेअर होतं, त्यातला डेटा कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये आणला आणि पहिल्याच दिवशी कळलं की पुस्तकांबरोबर जुन्या चुकाही सगळ्या आल्यात. भाषेचा रकाना रिकामा, एकाच लेखकाची चार चार नावं, बालविभागातली निम्मी पुस्तकं संदर्भ म्हणून टाकलेली. एकेक नोंद उघडून दुरुस्त करायची तर रोज पन्नास केल्या तरी दोन वर्षं सहज गेली असती, म्हणून मी सुरुवातीपासूनच बॅच मॉडिफिकेशनच्या, म्हणजे एकगठ्ठा बदलाच्या, मागे लागलो.

कोहा ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. न्यूझीलंडच्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टसाठी हे बनलं, त्यांच्या जुन्या सिस्टीमला २००० साल झेपणार नव्हतं म्हणून, आणि जानेवारी २००० मध्ये सुरू झालं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. लायसन्सचे पैसे लागत नाहीत, आमच्यासारख्या अनुदानावर चालणाऱ्या वाचनालयाला हे फार मोठं आहे.

पहिली गोष्ट, कोहात पुस्तकाची नोंद वेगळी आणि प्रत वेगळी, आणि दोन्हींसाठी एकगठ्ठा बदलाची टूल्सही वेगळी. कपाट बदललं, देवघेवीचा प्रकार बदलला, पुस्तक बाद केलं, हे सगळं प्रतीवर. शीर्षक, लेखक, विषय, भाषा हे नोंदीवर. आमच्याकडे शिकायला येणारी मुलं इथेच गोंधळतात.

प्रतींचं टूल मला मनापासून आवडलं. बालविभाग वरच्या मजल्यावर नेला तेव्हा ११४० पुस्तकांचं लोकेशन बदलायचं होतं. देवघेव विभागातल्या ताई लॅपटॉप आणि स्कॅनर घेऊन कपाटासमोर स्टुलावर बसल्या, नोटपॅड उघडं ठेवलं आणि एकेक पुस्तक काढून बीप करत गेल्या, प्रत्येक बीपला बारकोड नवीन ओळीवर जातो, दुसरं काही करावं लागत नाही. तीन दुपारी गेल्या, धूळ पण निघाली कपाटातली. मग ती फाइल कोहात दिली, लोकेशनमध्ये बालविभाग निवडलं, बाकी रकाने रिकामे ठेवले (रिकामा ठेवलेला रकाना जसाच्या तसा राहतो, पुसायचाच असेल तर त्याच्याशेजारी वेगळी टिक करावी लागते, ती टिक चुकून पडू देऊ नका) आणि सेव्ह. सेटिंगमध्ये एका वेळी १००० प्रतींची मर्यादा आधीपासून असते, ती वाढवता येते पण मी नाही वाढवली, दोन वेळा केलं. तीन दुपारी स्कॅनिंग आणि दहा मिनिटं बदल, हे प्रमाण मला बरोबर वाटतं, कारण यादी हातात पुस्तक धरून झालेली असली की बटण दाबताना पोटात गोळा येत नाही.

याउलट एकदा मी दाखल नोंदवहीवरून एक्सेलमध्ये बारकोड टाईप करून घेतले, तर एक्सेलने सुरुवातीची शून्यं खाऊन टाकली, ००४५१२ चं ४५१२ झालं. कोहाने सरळ सांगितलं की हे बारकोड सापडले नाहीत, म्हणून वाचलो. कॉलम आधी टेक्स्ट करून घ्या किंवा एक्सेलच्या नादी लागूच नका.

आता नोंदींचं टूल. हे जास्त ताकदीचं आहे आणि नुकसानही इथेच होतं. मार्क म्हणजे पुस्तकाची नोंद लिहायची ठरलेली पद्धत, त्यात प्रत्येक फील्डला, म्हणजे रकान्याला, एक नंबर असतो. आधी मार्क टेम्प्लेट बनवायचं, म्हणजे कुठल्या फील्डमध्ये काय करायचं ते लिहून ठेवायचं, आणि मग ते नोंदींच्या यादीवर चालवायचं. जुन्या डेटात ३४० नोंदींत विषय ‘मराठयांचा इतिहास’ असा, ठ चा पाय न मोडता टाईप झालेला होता. मी टेम्प्लेटमध्ये ६५० या विषयाच्या फील्डमधल्या ए सबफील्डला (उपरकान्याला) अपडेट ही क्रिया लावली, नवीन मजकूर ‘मराठ्यांचा इतिहास’. प्रीव्ह्यूमध्ये वरच्या तीन नोंदी उघडून बघितल्या, एकदम बरोबर. चालवलं. संध्याकाळी एक वाचक किल्ल्यांवरची पुस्तकं मागायला आले, नेहमी येणारे, त्यांना यादी काढून द्यायला गेलो तर ‘किल्ले’ या विषयाखाली निम्मी पुस्तकं नाहीतच. एक नोंद उघडली तर एकाखाली एक तीन वेळा ‘मराठ्यांचा इतिहास’. अपडेट ही क्रिया त्या फील्डच्या सगळ्या ओळींवर तोच मजकूर लिहिते, आणि मी बघितलेल्या तिन्ही नोंदींना नेमका एकेकच विषय होता. इथे पाहिजे होतं ‘कॉपी अँड रिप्लेस’ आणि त्यात रेगेक्स (अक्षरांचा नमुना देऊन शोधायची पद्धत), म्हणजे फक्त चुकीचा शब्द बदलतो, शेजारचे विषय जागेवर राहतात.

आणि बॅच मॉडिफिकेशनला अनडू नाही. ही माझी कोहाबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार. रात्रीचा बॅकअप होता, पण तो अख्खा परत टाकला तर त्या दिवसाची सगळी देवघेव गेली असती. आदल्या दिवशी मार्कएडिट या मार्क नोंदी दुरुस्त करायच्या सॉफ्टवेअरमध्ये बघायला म्हणून त्याच यादीची एमआरसी फाइल, म्हणजे मार्क नोंदींची फाइल, काढून ठेवलेली होती, तीच कामाला आली. ती स्टेज केली, म्हणजे आयातीआधी कोहात तयार ठेवली, बिब्लिओनंबरवर (कोहातल्या नोंद क्रमांकावर) जुळवली, जुनी नोंद बदला आणि प्रतींना हात लावू नका असं निवडलं, ३४० च्या ३४० परत आल्या. स्टेज करून केलेली आयात मात्र मागे घेता येते, हे त्यातलं चांगलं. तेव्हापासून एक्सपोर्ट केल्याशिवाय मी एकही टेम्प्लेट चालवलेलं नाही, आणि प्रीव्ह्यूमध्ये वरच्या नोंदी न बघता सगळ्यात गुंतागुंतीच्या शोधून बघतो.

मराठी डेटाचं एक वेगळंच दुखणं आहे. ‘ॲ’ हे अक्षर दोन पद्धतींनी टाईप होतं, एकदा एकच अक्षर म्हणून आणि एकदा अ वर चंद्र देऊन ‘अॅ’. डोळ्यांना दोन्ही सारखी, कॉम्प्युटरला वेगळी. प्रकाशकाच्या नावात ‘ॲकॅडमी’ शोधून बदललं तर अर्धीच बदलली, उरलेली का सुटली हे शोधण्यात माझा एक अख्खा दिवस गेला. आता प्रत्येक शोध दोन्ही रूपांनी करतो. आणि शोधासाठी झेब्रा (कोहाबरोबर येणारं शोधयंत्र) वापरत असाल तर ते आयसीयूवर, म्हणजे युनिकोड नीट हाताळणाऱ्या सेटिंगवर, करून घ्या, नाहीतर देवनागरीत नोंद कितीही नीट केली तरी सापडायला त्रास होतो.

लेखकांच्या नावात मात्र घाई नको. आमच्याकडे मदतीला येणाऱ्या एका मुलाने कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर एक करून टाकू म्हणून यादी पण बनवली होती, माणूस एकच आहे ना सर म्हणाला. माणूस एकच, पण कविता कुसुमाग्रज नावाने आणि नाटकं शिरवाडकर नावाने, वाचक पण तशीच मागतात. दोन्ही नावं ठेवून एकमेकांकडे ‘हेही पाहा’ असा निर्देश द्यायचा असतो. त्याला बाजूला बसवून ते दाखवलं, पटलं त्याला. उलट एकाच नावाची ‘पु.ल.’ आणि ‘पु. ल.’ अशी रूपं असतील तर ती एक केलीच पाहिजेत, पण टेम्प्लेटने न करता ऑथॉरिटी (लेखकाच्या प्रमाण नावाच्या नोंदी) मर्ज करून, म्हणजे जोडलेल्या नोंदी आपोआप सुधारतात.

भाषेचं काम मी मार्कएडिटमध्ये केलं. टेरी रीस यांनी बनवलेलं हे मोफत सॉफ्टवेअर आहे. ००८ फील्डमध्ये ३५ ते ३७ या जागांवर भाषेचा कोड असतो, मराठीसाठी एम-ए-आर, आणि तिथे एक जागा जरी सरकली तरी पुढचं सगळं बिघडतं, म्हणून ते बाहेर, फाइलवर, शांतपणे केलेलं बरं. ते झाल्यावर वाचकाने ऑनलाईन तालिकेत भाषा मराठी निवडली की पहिल्यांदा खरोखर मराठी पुस्तकं दिसायला लागली, आठ महिन्यांत मला सगळ्यात जास्त आनंद त्याचा झाला.

एकटा ग्रंथपाल असलेल्या वाचनालयानेही हे जरूर वापरावं, फक्त सुरुवात प्रतींपासून करा, वीस पुस्तकांवर करा. आमचे दिवाळी अंक अजून राहिलेत, जुनी वर्षं कादंबरी म्हणून चढलीत सगळी. सोमवारपासून ताई स्कॅनर घेऊन त्या कपाटासमोर बसणार आहेत.