दिल्लीजवळचं एमबीए: रावेरच्या मुलीचा दोन वर्षांचा हिशेब

कॉलेजचं नाव लिहीत नाही. ग्रेटर नोएडात नॉलेज पार्क भागात आहे, तिथे अशी कॉलेजं पायलीला पन्नास मिळतात.

अॅडमिशन घेताना पप्पा म्हणाले, "जळगावला विद्यापीठ आहे, पुणं आहे. दिल्लीत तुझं काय ठेवलंय?" मी म्हटलं, "आपली केळी." सावदा-रावेरची केळी वर्षानुवर्षं रेल्वेने आणि ट्रकने दिल्लीला जाते, पण घड ज्या आझादपूर मंडीत उतरतो ती आमच्या घरात कोणी पाहिलेली नव्हती.

आधी कॉलेजबद्दल. माहितीपत्रकात 'दिल्लीपासून 40 मिनिटं' छापलंय. रात्री दोन वाजता स्वतःच्या कारने निघालात तर असेल. मेट्रोने अॅक्वा लाइन धरून सेक्टर 51 गाठायचं, उतरून चालत सेक्टर 52, मग ब्लू लाइन. कार्डंही तेव्हा दोन लागायची. राजीव चौकाला पोचेपर्यंत दीड तास सहज जातो. फी सव्वासात लाख. 'सरासरी पॅकेज'चा जो आकडा सांगतात तो दोन-तीन मुलांनी वर ओढलेला. माझ्या वर्गातल्या निम्म्यांना बँकेच्या सेल्समध्येच बोलावणं आलं. नोव्हेंबरात हवा इतकी खराब की वर्ग ऑनलाइन, आणि आपण खोलीत मास्क लावून बसलेलो. मेसच्या राजम्याबद्दल न बोललेलं बरं. कळण्याची भाकर आणि भरीत आठवून रडलेय मी, खोटं नाही.

मग गेले ते वाया गेलं का? नाही.

दुसऱ्या सत्रात वाणिज्य मंत्रालयातून निवृत्त झालेले एक सर निर्यात शिकवायला यायचे. दिल्लीत राहायचे म्हणून आठवड्यातून दोनदा येणं त्यांना जमायचं. आमच्याकडे कोण येणार? फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (मालात रोग-कीड नसल्याचा दाखला) काय असतं, कंटेनर किती तापमानाला ठेवायचा, हे शिकवताना त्यांनी उदाहरण काढलं 2021 चं: तांदलवाडीहून दुबईला गेलेली 22 टन जीआय (भौगोलिक मानांकन मिळालेली) केळी. तांदलवाडी आमच्याच तालुक्यातली! सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. त्यांच्याच ओळखीने प्रोजेक्टसाठी हौजखासजवळच्या अपेडाच्या (शेतमालाची निर्यात वाढवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) ऑफिसात दोनदा जाऊन आले. तिथल्या बाईंनी चहा पाजून तासभर समजावलं. हे फोनवर झालं नसतं.

आणि आझादपूर. सौदे पहाटेच उरकतात, ग्रेटर नोएडाहून पहिल्या मेट्रोने निघूनही उपयोग नाही. म्हणून फैजपूरची मैत्रीण यूपीएससीसाठी मुखर्जी नगरात राहायची, तिच्या खोलीवर आदल्या रात्री मुक्काम. अशा सहा पहाटा मी मंडीत काढल्या. घरी नवतीचा (नव्या लागवडीच्या केळीचा) रास भाव क्विंटलला बाराशे होता तेव्हा तीच केळी पिकवून लक्ष्मीनगरच्या गाडीवर साठ रुपये डझन विकली जात होती. मधलं भाडं, आडत, पिकवणी, तूट सगळं मी वहीत लिहून काढलं. एका आडत्याने "रावेर का माल?" म्हणत घड उचलून दाखवला: दांड्याजवळ काळं पडलेलं. "भरते वक्त पटकते हैं, मैडम." पप्पांना त्याच दिवशी फोन केला. आता आमच्या गाडीत घडाखाली केळीची पानं जास्त पडतात.

प्रोजेक्टला बी मिळाला. सॅम्पल लहान आहे म्हणे.

जाणार असाल तर तीन गोष्टी बघा: मेट्रो स्टेशन पायी अंतरावर आहे का, बाहेरून शिकवायला खरोखर कोण येतं (माहितीपत्रकातले फोटो नव्हे, मुलांना विचारा), आणि एमबीएऐवजी पीजीडीएम (व्यवस्थापनाची पदविका) असेल तर तिला एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची) मान्यता आहे का. पीजीडीएम ही विद्यापीठाची पदवी नसते, पुढे पीएचडी करायची असेल तर एआययूची (भारतीय विद्यापीठ संघाची) समकक्षताही तपासा, म्हणजे ती पदविका एमबीएच्या बरोबरीची धरतात का ते. आणि सुट्टीला घरी यायचं तिकीट साठ दिवस आधीच काढा. भुसावळला थांबणाऱ्या गाड्या चिक्कार, पण जानेवारीच्या धुक्यात पंजाब मेल कधी येईल ते देवालाच माहीत.

हॉस्टेलचं दहा हजार डिपॉझिट अजून आलेलं नाही. आलं की कॉलेजचं नावही लिहीन.