ग्रँडची सर कुठे येते, कुठे नाही: डिजिटल पियानो नऊ महिने वापरल्यावर

पियानो स्लॅब प्रकारातला आहे, म्हणजे लाकडी कॅबिनेटशिवायचा. ८८ पट्ट्या, पांढऱ्या पट्ट्यांत लाकूड, प्रत्येक पट्टीखाली तीन सेन्सर, २५६ पॉलीफोनी (म्हणजे एकाच वेळी इतके सूर वाजू शकतात), वजन २२ किलो, स्टँड वेगळा. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही, कारण खालचं जवळजवळ सगळं या वर्गातल्या कुठल्याही पियानोला लागू पडतं आणि नाव दिलं की चर्चा कंपन्यांवर घसरते. वापर रोज दीड-दोन तास, पाश्चात्त्य शास्त्रीय, पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. तुलनेला पंधरवड्यातून एकदा, तासाच्या भाड्याने मिळणारा २११ सेंटीमीटरचा ग्रँड, म्हणजे आडव्या तारांचा मोठा पियानो.

दुकानात पाच मिनिटं वाजवून जो कळतो तो आवाज, आणि आवाजात आजचे डिजिटल फारसे मार खात नाहीत. चांगल्या हेडफोनवर मधल्या सप्तकातली साधी चाल ऐकवली तर अनुभवी कानही चकतो. फरक बोटाखाली आहे, पेडलखाली आहे आणि खोलीच्या हवेत आहे. तो कळायला दोन-तीन महिने जातात.

आधी वजन. पट्टी ‘जड’ किंवा ‘हलकी’ म्हणण्यापेक्षा मोजलेलं बरं. २०११ च्या मालिकेतलं एक रुपयाचं नाणं ३.७९ ग्रॅमचं आणि २२ मिलिमीटर व्यासाचं असतं, पांढऱ्या पट्टीच्या रुंदीत नेमकं बसतं. (दहाचं घेऊ नका, ते शेजारच्या पट्ट्यांवर टेकतं आणि माप चुकतं.) पट्टीच्या पुढच्या कडेपासून अर्धा इंच आत नाण्यांची चळत रचायची आणि पट्टी कितव्या नाण्याला सावकाश खाली जाते ते बघायचं. नीट जुळवलेल्या ग्रँडवर, उजवं पेडल दाबून ठेवलं असताना, तेरा नाण्यांत म्हणजे ५० ग्रॅमच्या आसपास काम होतं. या डिजिटलवर खालच्या सप्तकात १७ आणि वरच्या टोकाला १४ नाणी लागली, म्हणजे ६४ आणि ५३ ग्रॅम. खरी गोम मात्र परतीच्या वजनात आहे. दाबलेल्या पट्टीवरची नाणी एकेक काढत जा; ग्रँडवर वीसेक ग्रॅम उरले तरी पट्टी वर उचलली जायला हवी. पट्टी खाली जड आणि वर यायला मंद असेल तर द्रुत ट्रिल (शेजारचे दोन सूर भराभर आलटूनपालटून) दोन मिनिटांत हात भरून आणते, आणि दोष बोटांचा वाटतो.

‘पेडल दाबून’ असं का म्हटलं? ग्रँडवर पट्टी निम्मी खाली गेली की तिच्या शेपटाला डँपर (तार गप्प करणारा नमद्याचा तुकडा) लागतो आणि तिथून पुढे त्याचं वजनही बोटावर येतं. पेडल दाबलं की डँपर आधीच वर असतात, त्यामुळे पट्टी हलकी होते. हात हा फरक नकळत वापरतो. पेडल घेतलेल्या मऊ जागी बोट आपोआप सैल पडतं. या वर्गातल्या डिजिटलवर पेडल असो-नसो, पट्टीचं वजन तेच.

दुसरी गोष्ट तरफेची. पट्टी जिथे टेकून झुलते तो बिंदू सात फुटी ग्रँडमध्ये पुढच्या कडेपासून साधारण २५ सेंटीमीटर आत असतो. स्लॅबची खोलीच कमी, त्यामुळे तिथे तो २० च्या आसपास किंवा त्याहून अलीकडे येतो. कडेला वाजवताना काही जाणवत नाही. पण काळ्या पट्ट्यांच्या मधल्या फटीत, कडेपासून १० सेंटीमीटर आत दाबा. २५ च्या पट्टीवर तरफ १५ उरते, ५० ग्रॅमचे ८३ होतात. २० च्या पट्टीवर तरफ १० उरते, ५० चे थेट १००. शिवाय तिथे पट्टी कमी खोल जाते, म्हणजे जोर जास्त आणि ताबा कमी. सी किंवा जी मेजरमध्ये वाजवणाऱ्याला याचं सोयरसुतक नाही. पाच-सहा फ्लॅटच्या, म्हणजे बहुतेक काळ्या पट्ट्यांच्या स्केलमध्ये अंगठा सतत आतच असतो, आणि तिथे मधले सूर दबतात. दुकानात सी मेजरची स्केल वाजवून पियानो पसंत करणाऱ्यांनी डी फ्लॅट मेजरचा कॉर्ड हळू आवाजात दहा वेळा वाजवून बघावा.

लेट-ऑफचा खटका मात्र फसवा आहे. ग्रँडमध्ये हॅमर (तारेवर आपटणारी हातोडी) तारेच्या दीड-दोन मिलिमीटर अलीकडे सुटा होतो, आणि पट्टी फार हळू दाबली तरच तो क्षण बोटाला लागतो. डिजिटलमध्ये त्याची नक्कल म्हणून पट्टीच्या वाटेत छोटासा अडथळा ठेवतात. हात सांगतो ‘इथे आवाज’, पण आवाज ठरतो दोन सेन्सरमधलं अंतर कापायला लागलेल्या वेळावर. या दोन जागा तंतोतंत जुळतीलच असं नाही. अतिमंद वाजवताना एखादा सूर निघतच नाही, तो यामुळे. (हळू दाबली तर ग्रँडची पट्टीही मुकी राहते, पण तिथे बोटाला आधी कळतं.)

तोच सूर भराभर पुन्हा वाजवण्यात डिजिटलने चांगली मजल मारली आहे. सेबास्तियँ एरार यांनी १८२१ मध्ये पेटंट घेतलेल्या दुहेरी एस्केपमेंटमुळे ग्रँडची पट्टी पूर्ण वर न येताही पुन्हा वाजते. तिसरा सेन्सर हेच काम करतो. तपासणी सोपी: पट्टी दाबा, निम्मी वर येऊ द्या, पुन्हा दाबा. सूर आला तर तीन सेन्सर आहेत. दोनच असतील तर पट्टी जवळजवळ पूर्ण वर आल्याशिवाय दुसरा सूर येत नाही. एकाच सुरावर बोटं बदलत वाजवायच्या जागा या पियानोवर बिनघोर निघतात. जुन्या अपराइटपेक्षा (उभ्या तारांच्या पियानोपेक्षा) नक्कीच बऱ्या.

पेडल: इथे पैसे घाला

सोबत येणारं चौकोनी ठोकळ्यासारखं पेडल बहुधा नुसता स्विच असतं, चालू किंवा बंद. ते पहिल्या आठवड्यात बाजूला ठेवावं आणि त्याच कंपनीचं हाफ-पेडलवालं, म्हणजे अर्धवट दाबलेलंही ओळखणारं घ्यावं. दुसऱ्या कंपनीचं लावलं तर पोलॅरिटी उलटी निघू शकते: पाय काढल्यावर सूर लांबतो, दाबल्यावर तुटतो. बरेच पियानो सुरू होतानाच पोलॅरिटी ओळखतात, म्हणून पाय पेडलवर ठेवून स्विच चालू केला तर चांगल्या पेडललाही हाच आजार होतो. बंद करून, पाय काढून, पुन्हा चालू करा.

हाफ-पेडलमध्ये ग्रँडची बरोबरी होत नाही, जवळपास जाता येतं. ग्रँडवर डँपर तारांना जेमतेम शिवले की वरच्या पातळ तारा लगेच गप्प होतात आणि खर्जाच्या जाड तारा गुणगुणत राहतात. बेथोव्हेनच्या ओपस २७ क्रमांक २ च्या (‘मूनलाइट’ सोनाटाच्या) पहिल्या भागाला नेमकं हेच लागतं. हा सगळा भाग डँपर वर ठेवूनच वाजवावा, अशी त्यावर सूचना आहे, पण ती त्या काळच्या, कमी लांबणाऱ्या आवाजाच्या वाद्यासाठी होती. आजच्या ग्रँडवर पेडल पूर्ण दाबून ठेवलं तर सगळा काला होतो, म्हणून पाय अर्ध्यावर थरथरत ठेवतात. डिजिटलवर ही पट्टीनिहाय तफावत फिकी येते. सेटिंगमध्ये ‘हाफ-पेडल पॉइंट’ असेल तर तो वर-खाली करून बघा. मूळ जागेपेक्षा एखादा टप्पा खोल ठेवला की पायाला खेळायला जागा मिळते.

टाइल्सच्या फरशीवर पेडल दर दहा मिनिटांनी पुढे सरकतं. उपाय घरगुती: १२ मिलिमीटर प्लायवुडची ३० बाय ६० सेंटीमीटरची फळी, तिच्यावर वेल्क्रोने पेडल, आणि फळीच्या मागच्या कडेवर स्टँडचा पाय. पुन्हा हलत नाही.

डावं पेडल विसरूनच जावं. ग्रँडवर ते दाबलं की सगळी यंत्रणा बाजूला सरकते, हॅमर तीनऐवजी दोन तारांना लागतो आणि नमद्याचा न दबलेला, मऊ भाग पुढे येतो. आवाजाचा रंगच बदलतो. इथे आवाज कमी आणि थोडा बोथट होतो, एवढंच.

तरफांची परीक्षा

या तरफा म्हणजे वरची यांत्रिक तरफ नव्हे, तर सितारीतल्या, मुख्य तारेबरोबर आपोआप गुंजणाऱ्या तारा. सितारवाल्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. मधले सी, ई, जी आवाज न करता दाबून धरा आणि दोन सप्तकं खालचा सी जोरात मारून लगेच सोडा. ग्रँडवर धरलेल्या तारा तरफांसारख्या बोलू लागतात, कारण खालच्या सी च्या चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या स्वरांशावर (त्याच सुरात दडलेल्या वरच्या सुरांवर) नेमके हेच सूर बसतात. आता त्याऐवजी सी शार्प, डी शार्प, एफ शार्प धरा आणि तेच करा: जवळजवळ शांतता हवी. दोन्ही वेळा सारखीच गुंज आली तर यंत्र तारा मोजत नाही, नुसता रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) ओततं आहे. हा पियानो परीक्षेत पास झाला, पण कारखान्यातून आलेली पातळी फार होती. दहापैकी चारवर आणल्यावर खरी वाटली.

लांबणारा सूर ही त्याहून कडक कसोटी. खर्जातला एक सूर दाबून धरा आणि अर्धा मिनिट ऐका. ग्रँडवर तो आधी झपाट्याने उतरतो, मग एका मंद पातळीवर बराच काळ रेंगाळतो आणि मध्येमध्ये हलतो, कारण एका सुराच्या दोन-तीन तारा अगदी काटेकोर एका सुरात नसतात आणि एकमेकींशी शक्ती वाटून घेतात. स्वस्त सॅम्पलमध्ये (रेकॉर्ड करून ठेवलेल्या सुरात) काही सेकंदांनी तोच तुकडा फिरू लागतो आणि सूर गोठतो. मॉडेलिंग पद्धतीत, म्हणजे सूर गणिताने जागीच तयार होतो तिथे, ही अडचण नसते. फ्रान्समधल्या मोडार्ट कंपनीचं पियानोटेक हे सॉफ्टवेअर त्यातलं सर्वांत परिचित. लॅपटॉपला यूएसबीने जोडून ४८ किलोहर्ट्झ आणि १२८ सॅम्पलच्या बफरवर चालवलं तर त्या बफरचा विलंब तीन मिलिसेकंदांच्या आत राहतो. ब्लूटूथ हेडफोन मात्र वाजवायला निकामी, सूर बोटाच्या मागून येतो.

मग खोलीचा प्रश्न. २११ सेंटीमीटरच्या ग्रँडमध्ये दीड-दोन चौरस मीटरचा साउंडबोर्ड (तारांखालची लाकडी फळी) हवा हलवतो. इथे तळहाताएवढे स्पीकर आहेत. सर्वांत खालचा ए २७.५ हर्ट्झचा, छोटा स्पीकर त्याच्या जवळपासही जात नाही, कान वरच्या स्वरांशांवरून तो सूर भरून काढतो. त्यामुळे सूर ओळखू येतो, पण पोटात आणि बैठकीत येणारा धक्का नाही. भिंतीपासून १५-२० सेंटीमीटर पुढे ओढल्यावर घुमणं कमी झालं. पाच इंची मॉनिटर स्पीकरची जोडी कानाच्या उंचीवर लावल्यावर झालेली सुधारणा पियानोचं वरचं मॉडेल घेऊन झाली असती त्याहून मोठी वाटली. एकट्याच्या रियाजाला उघड्या पाठीचे हेडफोन सर्वांत प्रामाणिक.

सगळ्यात मोठं नुकसान आवाजाच्या बटणाने होतं, आणि ते कोणी सांगत नाही. रात्री बटण खाली, म्हणून हात जोर लावतो. सकाळी बटण वर, म्हणून हात आखडतो. दोन महिन्यांत ‘पियानो’ (हळू) आणि ‘फोर्टे’ (जोरात) कुठे आहेत हेच हात विसरतो. बटणावर रंगाचा एक ठिपका द्या आणि रियाज त्याच खुणेवर करा. खूण ठरवताना ग्रँडवर मध्यम आवाजात वाजवलेल्या एकाच कॉर्डची पातळी फोनवरच्या ध्वनिमापकाने मोजून आणा, घरी मॉनिटरवर त्याच्या जवळ जा. मग टच कर्व्ह, म्हणजे किती जोराला किती आवाज ते ठरवणारी सेटिंग: लॅपटॉपवर मिडीचे (पियानोकडून संगणकाला जाणाऱ्या संकेतांचे) आकडे उघडा. पट्टी दाबण्याचा जोर १ ते १२७ मध्ये मोजला जातो. मनातलं मेझो-फोर्टे (मध्यम जोर) ९० च्या वर पडत असेल तर कर्व्ह एक टप्पा ‘हार्ड’ करा. पूर्ण ताकदीशिवाय १२० दिसता कामा नये. ही अर्ध्या तासाची जुळवणी केली नाही तर पुढचे महिने यंत्रालाच दोष देण्यात जातात.

देखभालीत तुलनाच नाही. ग्रँडच्या २३० च्या आसपास तारा एकूण वीसेक टन ताण धरून असतात. पावसाळ्यात साउंडबोर्ड फुगतो आणि सूर चढतो, हिवाळ्यात उतरतो. वर्षाला दोन ट्युनिंग हा किमान खर्च. डिजिटलला ट्युनिंग नाही, पण धूळ आहे. पट्टीखालच्या रबरी संपर्कावर कण बसला की एकच सूर अचानक फार मोठा येतो किंवा दचकून गप्प बसतो. वाजवून झाल्यावर कापडी आच्छादन घाला, प्लॅस्टिकचं नको, आत ओल धरते. दुसरी तक्रार खालच्या मजल्यावरून येईल: हेडफोन असूनही हॅमरचा ठकठकाट स्टँडच्या पायांतून मजल्याच्या स्लॅबमध्ये उतरतो. पायांखाली २० मिलिमीटरचे रबरी तुकडे ठेवले की तो बराच दबतो. एक्स आकाराचा स्टँड घेऊच नका. चार पायांचा घ्या आणि पट्टीचा माथा जमिनीपासून ७२ ते ७४ सेंटीमीटरवर आणा.

बोटाखालचा फरक खरोखर मिटवायचा असेल तर हायब्रिड. यामाहाने २००९ मध्ये आणलेल्या अव्हांटग्रँडमध्ये आणि कावाईच्या नोव्हसच्या वरच्या मॉडेलांत ग्रँडचीच यंत्रणा असते, तारांच्या जागी सेन्सर. किंमत लाखांत जाते. त्या पैशांत वापरलेला चांगला अपराइटही येतो, फक्त तो रात्री अकराला वाजवता येत नाही.

परीक्षा किंवा कार्यक्रम ग्रँडवर असेल तर आधीच्या महिन्यात निदान चार वेळा ग्रँडवर बसा. बसल्या बसल्या पीस सुरू करू नका. आधी पेडल कितपत खाली गेल्यावर डँपर उचलले जातात ते पायाने शोधा. मग मधल्या सप्तकात सर्वांत हळू निघणारा सूर शोधा. मग डावा हात एरवीपेक्षा हलका ठेवून एक संथ स्केल वाजवा, कारण घरच्या छोट्या स्पीकरवर खर्ज ऐकू यावा म्हणून त्या हाताला जोर लावायची सवय लागलेली असते.