सिकलसेलच्या रिव्ह्यूसाठी बायस तपासायची टूल्स, वापरून झालेलं मत

धुळे, जळगाव, नंदुरबारकडचे पीजीवाले (एमडी वगैरे करणारे डॉक्टर) सिस्टिमॅटिक रिव्ह्यूला, म्हणजे एका प्रश्नावरच्या सगळ्या स्टडीज गोळा करून तपासायला, बसले की पहिलं हेच विचारतात, बायस (स्टडीच्या पद्धतीमुळे निकाल एका बाजूला झुकणं) तपासायला कोणतं टूल, म्हणजे तयार प्रश्नावली, चांगलं. अहो पण स्टडी कसली आहे ते आधी सांगा, टूल त्याच्यावरून ठरतं. आम्ही सातपुड्यातल्या सिकलसेलवर, या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर, काम करतोय, तिथे हे सारखं जाणवतं.

आजार किती लोकांना आहे (प्रिव्हेलन्स) हे मोजणाऱ्या स्टडीजना जेबीआय या संस्थेची प्रिव्हेलन्सवाली चेकलिस्ट. ९ प्रश्न, फुकट, आणि मला मनापासून आवडलेली. नुसती आश्रमशाळेतली पोरं तपासली आणि आकडा अख्ख्या तालुक्याचा म्हणून छापला, किंवा शिबिर लावलं तेव्हा निम्मं गाव ऊसतोडीला गुजरातेत, तर ते सुरुवातीच्या प्रश्नांतच उघडं पडतं. पुढे निदान कसं केलं तेही विचारतात, नुसत्या सोल्युबिलिटी टेस्टवर (रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही एवढंच सांगणारी साधी टेस्ट) थांबले असतील तर वाहक कोण आणि रुग्ण कोण हे कळतच नाही, त्याला हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारं इलेक्ट्रोफोरेसिस नाहीतर एचपीएलसी लागतंच.

हायड्रॉक्सीयुरिया या सिकलसेलच्या औषधाच्या रँडमाइज्ड ट्रायल्सना (कोणाला कोणता उपचार ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं) रॉब-२ हे टूल, २०१९ चं, ५ डोमेन, म्हणजे बायस शिरण्याच्या ५ जागा. जड आहे, वेळ खातं. पण निकाल अख्ख्या पेपरला न देता एकेका आउटकमला, म्हणजे मोजलेल्या एकेका परिणामाला, देतं ना, तीच त्याची ताकद. ओपन-लेबल ट्रायलमध्ये दुखणं किती ते पेशंट सांगतो आणि कोणती गोळी चालू आहे हे त्याला माहिती असतं, म्हणून तिथे शंका राहते, हिमोग्लोबिन एफ (या औषधाने वाढतं ते हिमोग्लोबिन) मशीन मोजतं, तिथे मोजणीबद्दल तेवढी राहत नाही. त्यांची एक्सेल फाइल मिळते, ती घ्याच.

रँडमाइज न केलेल्या उपचारांच्या स्टडीजना रॉबिन्स-आय, टेस्टची अचूकता तपासणाऱ्या स्टडीजना क्वाडास-२. रॉबिन्स-आयला मात्र कन्फाउंडिंग (उपचार आणि निकाल दोन्हीशी जोडलेली तिसरीच गोष्ट तुलना बिघडवते ते) नीट समजणारा माणूस सोबत पाहिजे.

न्यूकॅसल-ओटावा हे टूल सगळीकडे दिसतं कारण सोपं आहे, ९ स्टार, बेरीज केली की झालं. ती बेरीजच मला पटत नाही. ७ स्टार लिहिले की गेलेले २ कुठले ते झाकलं जातं, नमुन्यातले गेले की तुलनेतले, आणि खरा प्रश्न तोच असतो. शिवाय ते कोहोर्ट (एका गटाच्या मागे राहून पुढे काय होतं ते बघणारी स्टडी) आणि केस-कंट्रोलसाठी (आजार असलेल्या-नसलेल्यांची तुलना करणारी) बनवलंय, लोक बदलून बदलून कशालाही लावतात.

टूल कोणतंही घ्या, पण नाव प्रोटोकॉलमध्येच (रिव्ह्यू सुरू करण्याआधीच्या लेखी आराखड्यात) लिहून टाका, पेपर वाचून झाल्यावर निवडू नका. आणि दोघांनी वेगवेगळं भरायचं, एकमेकांचं न बघता, जुळलं नाही तर तिसऱ्याला बसवायचं.